नवरीच्या मामांचा नंबर

मी बोहल्यावर उभा होतो, समोर अंतरपाट होता, आणि अंतरपाटाच्या पलीकडे कुणीच नव्हतं.

माझ्या हातात कट्यार, कट्यारीच्या टोकाला लिंबू, कपाळाला मुंडावळ्या. अंतरपाटाचं एक टोक माझा मित्र सुमेधकडे आणि दुसरं एका चुलतभावाकडे. दोघांचे हात आधी डोक्याच्या वर होते, मग खांद्याला आले, आता कमरेला टेकले होते. त्यामुळे पलीकडे कुणी नाही हे मलाच नाही, अख्ख्या मांडवाला दिसत होतं.

"नवरी कुठाय?" गुरुजींनी विचारलं.

"रांगेत आहे," मी म्हणालो.

"रांगेत? आज एकच लग्न आहे ना इथं?"

मी उत्तर देणार तेवढ्यात लाऊडस्पीकरमधून एका शांत, गोड बाईचा आवाज आला, "माजी उपसरपंच, विद्यमान सल्लागार आणि सुप्रसिद्ध द्राक्ष बागायतदार श्री. पंढरीनाथ आवारे यांचे सहर्ष स्वागत." पुढच्या रांगेतल्या सोफ्यावरून पंढरीनाथराव उठले आणि चारी दिशांना नमस्कार करून बसले. हे ते तिसऱ्यांदा करत होते.

हे सगळं कसं झालं ते नीट सांगायला हवं. आमच्या घरात या प्रसंगाच्या बऱ्याच आवृत्त्या सांगितल्या जातात आणि प्रत्येकीत मी मूर्ख आहे. माझ्या आवृत्तीतही आहे, पण कारणासहित.

मी तेव्हा पुण्यातल्या एका कंपनीत कामाला होतो. कंपनी डेटा वाहून नेण्याचं सॉफ्टवेअर बनवायची. आईला मी समजावून सांगितलं होतं की एका बाजूने माहिती आत येते, नळांतून वाहते, वाटेत हौदांत थांबते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. आईने सगळ्या नात्यात कळवलं की कैवल्य पुण्याला पाणीपुरवठ्यात लागलाय. त्यावर दोन बरी स्थळं आली. पण मला रेवतीशी लग्न करायचं होतं. रेवती डांगे आमच्याच कंपनीत टेस्टर होती. म्हणजे मी जे बनवायचो ते मोडून दाखवणं, हे तिचं पगारी काम. मी तिला विचारलं, तिने "हो" म्हटलं, आणि का म्हटलं ते सांगितलं नाही. मी पुन्हा पुन्हा विचारायचो. ती म्हणायची, "सांगेन."

लग्न आमच्या कोपरगावकडे ठरलं. आमच्याकडच्या लग्नात लग्न हा मधला एक छोटा भाग असतो. मुख्य कार्यक्रम म्हणजे लाऊडस्पीकरवरून आलेल्यांची नावं घेणं. मांडवात पाऊल टाकलेल्या माणसाचं नाव, पद, माजी पद आणि होऊ घातलेलं पद असं सगळं पुकारलं गेलं नाही, तर तो जेवतो, पण गिळत नाही. त्यातून आदल्या वर्षी आमच्या एका लग्नात कुणीतरी माईक हातात घेतला आणि "फक्त दोन शब्द" म्हणून सुरुवात केली. त्यांचे दोन शब्द संपले तेव्हा मठ्ठा खाली बसून वर पाणी आलं होतं. त्या दिवशी माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, शपथ घेतली की आपल्या पोराच्या लग्नात माईकच ठेवायचा नाही.

"मग नावं कोण घेणार?" आईने विचारलं.

"मशीन घेईल," मी म्हणालो. आयुष्यात बोलू नयेत अशी वाक्यं माणूस किती सहज बोलून जातो.

बेत सोपा होता. गेटवर दोन पोरी टॅब घेऊन बसतील, पाहुण्याचं नाव आणि पद टाकतील, ते हौदात जाईल, तिथून एकेक नाव बाहेर येईल आणि ही बाई ते वाचेल. बाईचा आवाज ऐकून आप्पा खूश झाले. "कुठल्या गावची म्हणायची?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं की ती कुठल्याच गावची नाही. "मग बरंय," आप्पा म्हणाले. "कुणाच्या बाजूची वाटायला नको."

एका रविवारी दुपारी रेवती हे तपासायला आमच्या घरी आली. ओट्यावर लॅपटॉप ठेवून आम्ही तिघं बसलो. कुणाचं नाव आधी यायचं, हे आप्पा ठरवणार होते.

"पयल्या हौदात निवडून आलेले," आप्पा म्हणाले. "मग चेअरमन, संचालक. मग माजी. त्याच्या मागं प्रतिष्ठित."

"आणि नातेवाईक?" रेवतीने विचारलं.

"ते सगळ्यात शेवटी. घरचीच माणसं ती, कुठं पळून चाललीत?"

"आप्पा, वरचे हौद रिकामे झाल्याशिवाय खालचा उघडणार नाही. वरचे रिकामेच नाही झाले तर?"

"एवढी मोठी माणसं नाहीत गं आपल्या तालुक्यात."

"तालुक्यात नसतील," रेवती म्हणाली. "लग्नात असतात."

आप्पा हसले. मीही हसलो, कारण दोघांच्या मधोमध बसलेल्या माणसाला दुसरा मार्ग नसतो. रेवती हसली नाही. तिने चाचणी सुरू केली.

"काहीतरी टाकून बघते. गोठ्यातली म्हैस टाकू?"

"टाक की."

"कशात टाकू? प्रतिष्ठित?"

आप्पांनी गोठ्याकडे बघत गंभीरपणे विचार केला. "नगं. नातेवाईकांत टाक. घरचीच हाय."

मग मलाही जोर चढला. मी नातेवाईकांच्या हौदात टाकलं, 'रेवतीने कैवल्यला हो का म्हटलं, हे तिने सर्वांसमक्ष सांगावं.' रेवतीने ते वाचलं, लॅपटॉप आपल्याकडे ओढला, काहीतरी टाइप केलं आणि परत सरकवला.

"काय लिहिलंस?"

"उत्तर. तुझ्या मागेच उभं केलंय. नंबर आला की कळेल."

तो नंबर काही आला नाही. कारण आप्पांना या यंत्राची गोडी लागली होती. ते एकेका आजी-माजी माणसाचं नाव सांगत होते, मी वरच्या हौदांत टाकत होतो, बाई वाचत होती आणि आप्पा ओट्यावर बसल्या बसल्या सगळ्यांना नमस्कार करत होते. मग चहा आला, मी लॅपटॉप मिटला आणि ते विसरून गेलो. वीज गेली, मशीन बंद पडलं, तरी रांगेतल्याची जागा जाऊ नये, अशी सोय मीच त्यात केली होती. मला त्या सोयीचा फार अभिमान होता.

तर लग्नाच्या दिवशी झालं असं, की बाईच्या आवाजात आपलं नाव ऐकलं की माणसाला आपण आहोत त्याहून थोडे मोठे आहोत असं वाटू लागलं. पंढरीनाथराव आधी उपसरपंच म्हणून पुकारले गेले. मग ते बाहेर जाऊन, गेटमधून पुन्हा आत येऊन, सल्लागार झाले. त्यांचं बघून बाकीचेही गेटकडे निघाले. एक गृहस्थ तर तिथं उभे राहूनच फोनवर विचारत होते, "आपण त्या भजनी मंडळाचे खजिनदार होतो का रे कधी?" वरचे हौद भरतच होते. खालचा एकदाही उघडला नव्हता. आणि त्या खालच्या हौदात, सकाळी रेवतीने स्वतः टाकलेली एक ओळ वाट बघत होती: 'नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन मंडपात यावे.'

मामा नातेवाईक होते. त्यामुळे त्यांची ओळ नातेवाईकांत गेली. माझ्या यंत्राने काहीही चूक केली नव्हती, हे मी आजही सांगतो.

"मुहूर्ताला फार वेळ नाही राहिला," गुरुजी घड्याळ बघत म्हणाले.

"आणि चुकला तर?"

"पुढचा पुढल्या महिन्यात. आणि संध्याकाळी या लॉनवर दुसरं लग्न आहे. तेही मीच लावतोय."

मी खिशातून फोन काढला. कट्यार खाली ठेवायला गेलो, तर गुरुजी ओरडले, "अहो! नवरदेवाने कट्यार सोडायची नसते!" म्हणून मी ती काखेत धरली. टोकाचं लिंबू माझ्या कानापाशी आलं. तशा अवस्थेत मी माझ्या होणाऱ्या बायकोला फोन लावला आणि फोनचा स्पीकर चालू केला.

"रेवती, ये ना."

"मी कधीची खोलीच्या उंबऱ्यावर उभी आहे. मामा हलत नाहीयेत."

"का?"

"विचार तूच."

फोन दशरथमामांकडे गेला. दशरथमामा गुंजाळ एसटीत वाहतूक नियंत्रक होते. उभी हयात त्यांनी स्टँडवरच्या त्या छोट्या खिडकीत बसून गाड्या पुकारल्या होत्या आणि निवृत्त होऊनही त्यांचा आवाज अजून नोकरीतच होता.

"बोला, जावईबापू."

"मामा, मुहूर्त टळतोय. तुम्ही निघा ना."

"उद्घोषणा झालेली नाही."

"ती होईल हो. तुम्ही निघा तर."

"जावईबापू, उद्घोषणा झाल्याशिवाय मी कधी गाडी हलवली नाही. एकदा हलवली असती तर चार माणसं चुकीच्या गावाला गेली असती. ही तर माझी भाची आहे."

मी गुरुजींकडे बघितलं. गुरुजींनी पोटात हवा भरून घेतली आणि मांडव दणाणेल अशी हाक मारली, "नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावंऽऽ!"

फोनमधून मामांचा शांत आवाज आला. "गुरुजींना सांगा, आवाज चांगला लावलाय. पण ही आरोळी झाली. आरोळी आणि उद्घोषणा यात फरक असतो. सकाळपासून गावभरच्या माजी माणसांची नावं लाऊडस्पीकरवर झाली. मी या पोरीला खांद्यावर घेऊन फिरवलंय. मला काय आरोळीवर बोलावता?"

सुमेध अंतरपाटाच्या टोकाशी उभा राहून सगळं ऐकत होता. तो म्हणाला, "मुद्दा बरोबर आहे त्यांचा." चुलतभावानेही मान डोलावली.

एवढ्यात आप्पा फेटा सावरत स्टेजवर आले. "कैवल्या, काय खोळंबा हाय? लोक बघायला लागले."

"वरची नावं खोडतो थोडी. तेवढ्यात मामांची ओळ बाहेर येईल."

"खबरदार! एक नाव खोडलंस तर! त्यातला एक जण आपल्या शेताच्या वाटेवरचा हाय. उद्या ट्रॅक्टर कुठनं नेऊ?"

फोन रेवतीने परत घेतला होता. "कैवल्य, ऐकतोयस ना? नावं खोडू नकोस. क्रम बदल."

"कसा?"

"आळीपाळीने. एक मानाचा, एक घरचा. आणि घरच्यांत जो जास्त थांबलाय तो आधी. कुणाचं नाव जात नाही, कुणी उपाशी राहत नाही. त्या रविवारी हेच सांगत होते, तुम्ही दोघं हसत बसलात."

"आप्पा, चालेल?" मी विचारलं. "एक मानाचा, एक घरचा."

आप्पांनी पुढच्या सोफ्यांकडे बघितलं, रिकाम्या अंतरपाटाकडे बघितलं. "कर बाबा. पण एक मानाचा हाय ना मधे? मग हरकत नाही."

मी कट्यार काखेत दाबून एका अंगठ्याने काम सुरू केलं. कंपनीत हे करायला मला मोठा पडदा, दोन बैठका आणि साहेबांची परवानगी लागली असती. इथे टोकाचं लिंबू डोळ्यात जात असताना ते चटकन झालं. मी शेवटचं बटण दाबलं.

लाऊडस्पीकर खरखरला. बाई म्हणाली, "आमच्या घरची म्हैस यांचे मंडपात सहर्ष स्वागत."

सगळा मांडव वळून गेटकडे बघू लागला. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी बाईला ओळखत नसल्यासारखं केलं.

"ही कशी काय आली?" आप्पांनी ओठ न हलवता विचारलं.

"सगळ्यात जास्त ती थांबली होती," मी म्हणालो.

मग एक मानाचे आले. चेअरमन होते, पदं सांगायला बराच वेळ लागला. आणि मग बाई त्याच गोड, निर्विकार आवाजात म्हणाली, "रेवतीने कैवल्यला हो का म्हटलं, हे तिने सर्वांसमक्ष सांगावं."

मांडवात सकाळपासून पहिल्यांदा शांतता झाली. पाणी वाटणारे थांबले. सोफ्यावरची माणसं पुढे सरकून बसली. मागच्या खुर्च्यांवरच्या बायकांनी एकमेकींना गप्प केलं. मला त्या क्षणी तो रविवार आठवला, ओटा आठवला, आणि माझ्या प्रश्नामागे कोण उभं आहे तेही आठवलं. माझ्या कपाळावरच्या मुंडावळ्या थरथरायला लागल्या. वारा नव्हता.

बाईने श्वास घेतल्यासारखं केलं. "माजी उपसरपंच, विद्यमान सल्लागार, सुप्रसिद्ध द्राक्ष बागायतदार आणि..."

"अरेऽऽ!" सगळा मांडव एका सुरात ओरडला.

"...भजनी मंडळाचे आधारस्तंभ श्री. पंढरीनाथ आवारे..."

पंढरीनाथराव स्वतःच उठून उभे राहिले आणि लाऊडस्पीकरला हात जोडून म्हणाले, "बाई, माझं राहू द्या हो! आधी पोरीचं ऐकू द्या!"

"...यांचे सहर्ष स्वागत," बाई म्हणाली. ती कुणाचंही नाव अर्धवट सोडणारी नव्हती.

आणि मग ते आलं.

"कारण कँटीनमध्ये चहाच्या रांगेत हा दर वेळी मागच्याला पुढे जाऊ देतो. मग त्याच्या मागच्याला. शेवटी उरलेला गार चहा पितो आणि छान आहे म्हणतो. असल्या माणसाला मागून ढकलायला कुणीतरी पाहिजे. म्हणून हो."

आधी एक आजी हसल्या. मग ते हसू खुर्च्यांच्या रांगांवरून पसरत सोफ्यांपर्यंत आलं. टाळ्या पडल्या. सुमेध हसता हसता अंतरपाटासकट खाली बसला. आप्पांनी फेटा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, "पोरगी वळखून हाय." मी कट्यार काखेत धरून उभा होतो, आणि मला फोनच्या दुसऱ्या टोकाला रेवतीच्या बांगड्या वाजताना ऐकू येत होत्या. ती फोन ठेवायला विसरली होती.

"ऐकलंस?" ती म्हणाली.

"ऐकलं."

"गार चहा छान नसतो, कैवल्य."

"माहितेय मला."

मग एक संचालक आले. मग बाई म्हणाली, "वराच्या मातोश्री सौ. कलावती शेळके यांचे सहर्ष स्वागत." आई स्टेजच्या कडेला दिवा धरून उभी होती. आपलं नाव कुणी टाकलं असेल हे तिला कळेना. तिने दिवा डाव्या हातात घेतला, पदर नीट केला आणि लाऊडस्पीकरकडे बघून म्हणाली, "आले हो, आले." सकाळी मामांच्या ओळीआधी रेवतीने ती ओळ टाकली होती. आमच्या घरात ते कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

गुरुजी घड्याळाकडे बघून ओठ हलवत होते. आणखी एक माजी आले. माजी संपता संपेनात.

आणि शेवटी, "नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन मंडपात यावे."

फोनमधून मामांचा आवाज आला, "झाली. चला."

दशरथमामा आले. छाती पुढे, मिशा वर, हातात रेवतीचा हात. गर्दीतून वाट काढताना ते डावीकडे हात दाखवत होते, उजवीकडे थांबवत होते, आणि माणसं खरंच सरकत होती. सुमेध उठला. अंतरपाट सुरकुत्या झटकून पुन्हा डोक्याच्या वर गेला. आता त्याच्या पलीकडे कुणीतरी होतं. मला खालून फक्त हिरव्या शालूचा काठ आणि जोडवी दिसत होती. गुरुजींनी मंगलाष्टकं अशा वेगाने म्हटली की अक्षता टाकणाऱ्यांचे हात दुखले. मुहूर्त साधला.

आमच्या कंपनीने पुढे ती आळीपाळीची सोय सॉफ्टवेअरमध्ये कायमची घेतली. त्या पर्यायाला मी 'मामा' असं नाव दिलं. परदेशातली गिऱ्हाइकं मोठ्या आदराने विचारतात की हे कशाचं लघुरूप आहे. मी सांगतो, फार जुन्या वाहतूक तज्ज्ञांचं नाव आहे.

पण ते नंतर. त्या दुपारी अंतरपाट बाजूला झाला. समोर रेवती होती, हातात हार, ओठ दाबून हसू आवरत. तिने हार घातला. आता मी घालायचा होता. तेवढ्यात माझ्या मागून पंढरीनाथराव आशीर्वाद द्यायला स्टेजवर चढले, आणि मी, रक्तातच असावं ते, हार हातात धरून एका बाजूला सरकलो आणि म्हणालो, "या ना, आधी तुम्ही."

रेवतीने कपाळाला हात लावला.

आणि तिच्यामागून, कुठल्याही माईकशिवाय, तो आवाज आला. हा आवाज ऐकून माणसं वर्षानुवर्षं पिशव्या उचलून धावली होती.

"कैवल्य शेळके यांनी कृपया पुढे सरकावे. पंढरीनाथरावांची गाडी मागून आहे."

मी पुढे सरकलो.